नियमात बसणारं कारण

“आजारपण नियमात बसत नाही,” साहेब म्हणाले आणि अर्ज परत सरकवला. तिसऱ्यांदा.

नकाशे काढणारा टेबलासमोर उभाच राहिला. सरकारच्या नकाशा विभागात त्याची हयात गेली होती. सरहद्दीची रेघ त्यानं इतक्या वेळा ओढली होती की डोळे मिटूनही ओढली असती. रेघेपलीकडचा शेजारी देश कोराच ठेवायचा, असा हुकूम. त्या कोऱ्या भागात त्याची थोरली बहीण राहत होती. आता ती अंथरुणाला खिळली होती.

“साहेब, सख्खी बहीण आहे हो. एकदा तोंड बघून येतो.”

“अरे, मला का कळत नाही? पण सरकारी माणसाला तिकडे जायला एकच कारण चालतं. सख्खं माणूस गेलं, तर मी आजच्या आज सही करतो. खुशाल जाऊन ये.”

म्हणजे ताई मेली की तिला भेटायला जा. वा रे नियम! घरी बायकोला हे सांगताना तो रडला. फोनवर पलीकडे मात्र कधी बोलला नाही. जगायला धडपडणाऱ्या बहिणीच्या घरी असलं काही कोणत्या तोंडानं सांगणार? परवानगीचं चाललंय, एवढंच म्हणायचा.

हल्ली ताई फोनवर येतच नव्हती. भाचा उचलायचा. “आत्ताच डोळा लागलाय तिचा, मामा.” नाहीतर, “औषधाची गुंगी आहे.” पूर्वी ती स्वतः बोलायची तेव्हा दरवेळी दम भरायची, “माझ्यापायी नोकरीवर लाथ मारलीस, तर तंगडं मोडून हातात देईन!” दिलंही असतं तिनं. आईवडील गेल्यावर लोकांचे कपडे शिवून तिनं त्याला शिकवलं होतं. त्याला नोकरी लागली तेव्हा अख्ख्या गल्लीला सांगत सुटली होती. मग कुठे स्वतःचं लग्न केलं, तेही सरहद्दीपलीकडे.

“पेन्शनचं बघू काय ते,” शेवटी बायकोच म्हणाली. “ताई पुन्हा मिळायच्या नाहीत.”

त्यानं राजीनामा दिला. साध्या माणसाला चौकीवर शिक्का मारून सोडतात, अडतं ते सरकारी माणसाचंच. परवानगीसाठी महिनेच्या महिने झुलवणाऱ्यांनी राजीनामा मात्र संध्याकाळच्या आत मंजूर केला. पेन्शन बुडाली ती बुडालीच. त्यानं पेनं, पट्ट्या, परकार टेबलावर ठेवले आणि कार्यालयाच्या पायऱ्या उतरता उतरताच फोन लावला. कितीतरी दिवसांनी त्याला हसू येत होतं.

“ताईला उठव! झोपली असली तरी उठव. म्हणावं, काय तंगडं मोडायचं ते मोड, नोकरी सोडली. उद्या येतोय!”

पलीकडे भाचा ओक्साबोक्शी रडायला लागला.

“मामा, आईला जाऊन दीड महिना झाला. तिनंच शपथ घातली होती, मी गेले तरी मामाला कळवू नका. म्हणाली, तो वेडा नोकरी सोडून धावत येईल.”