काठावरचा आवाज

नाव काठाला लागायच्या आतच भालचंद्र सर गुडघाभर पाण्यात शिरले आणि नाजिशवर कडाडले, "उतर! आधी उतर तू! काऊन थांबवली नाव? काऊन?"

नाव तरी कसली, तळ हातभर फाटला होता. पुढे बसणाऱ्या इराचा ओठ फुटून रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं. वल्ही मारणाऱ्या चौघी आणि त्यांना हाका देणारी नाजिश, मेहकरच्या या पाच पोरी सकाळी धरणावर आल्या त्या एकाच गोष्टीसाठी. हजार मीटर चार मिनिटांत कापायचे आणि राज्याच्या संघात जायचं. दीडशे मीटर उरले असताना सगळं पाण्यात गेलं.

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि का जाऊ नये? चाळीस वर्षं या माणसानं दुसरं काही केलंच नाही. फौजेत कारकून म्हणून गेले. उंची जेमतेम पाच फूट आणि गळा हा असा दणदणीत, म्हणून कोणीतरी शर्यतीच्या नावेत मागच्या टोकाला बसवलं आणि सुकाणूची दोरी हातात दिली. वल्ही मारणाऱ्यांची पाठ पुढे असते. समोर काय आहे ते फक्त मागे बसलेल्या कॉक्सला दिसतं. त्यानं हाक द्यायची, बाकीच्यांनी मुकाट ओढायचं. सरांच्या हाकेवर सात राष्ट्रीय पदकं आली, दोन परदेशातली. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा गळ्यात मावत नव्हते इतके हार पडले. मग त्यांनी धरणावर पोरापोरींना शिकवायला घेतलं, त्यालाही बारा वर्षं झाली. अशा माणसाची नाव दीडशे मीटर उरले असताना थांबवायची म्हणजे काय!

नाजिश नखशिखांत भिजली होती. "सर, समोर विहीर होती."

"कोणती विहीर? मी सोता आखली ती वाट! आठ दिस नाही झाले!"

"आठ दिवसात पाणी वीतभर उतरलं सर. बुडालेल्या गावातली विहीर हाय ती, तिचा काठ वर आला. वळवायले जागा नव्हती. मी थांबा म्हटलं, वल्ही रोवा म्हटलं. अन् तुम्ही भोंग्यातून ओढा, ओढा..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. भोंगा अजून सरांच्या हातात होता.

निवड समितीच्या बाई खुर्चीतून उठून आल्या. इराला रुमाल देत म्हणाल्या, "कॉक्स घाबरली सर, होतं असं. तुमची दुसरी बोट आहे ना? अकराला पुन्हा वेळ लावू. पण हिच्या जागी दुसरी द्या. हिचं नाव मी काढते."

"काढा," सर म्हणाले.

नाजिशचा चेहरा पांढराफटक पडला. तीन वर्षं पहाटे पाचला उठून मिळवलेली जागा दोन अक्षरांत गेली. बाईंनी पेन काढलं, तेवढ्यात अन्नपूर्णा पुढे आली. नावेत ती नाजिशच्या अगदी समोर बसायची.

"बाई, मले आयकू आलं होतं. थांबा म्हणलं तिनं."

"मग थांबली का नाहीस?"

"सरांचा आवाज मोठा होता."

नाजिशचा बांध फुटला. रडली नाही, संतापली. "सर, पयल्या दिवशी काय सांगतलं होतं तुम्ही? ब्रिगेडियर साहेब काठावरून ओरडून राह्यले होते, अन् तुम्ही नावेतून त्याईले म्हटलं, साहेब, तोंड बंद करा. सात दिवस कोठडीत बसले, पण म्हणे नावेत आवाज एकच. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या सर! आता तुम्ही ब्रिगेडियर झाले का?"

सरांच्या ओठांवर शिवी आली. ती कोणाला द्यावी तेच कळेना. पोरी एकटक पाहत होत्या. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना स्वतःचाच असा राग आला की कानशिलं तापली.

"नाव काढू नका बाई," ते दातओठ खात म्हणाले. "विहीर तिनं पाह्यली होती. नाव मी आपटली. चूक लिहायची तर माझी लिहा."

एवढ्यावर नाजिश विरघळली असेल असं वाटत असेल तर सोडून द्या. "मी बसन," ती म्हणाली. "पण तुम्ही काठावर नाही पाह्यजे."

"अवं, मी कोच आहो इथला!"

"म्हणूनच."

वाट विहिरीपासून दूर सरकवून झाली, तसे अकराच्या सुमारास सर बांध चढून पलीकडच्या रस्त्यावर गेले. पोरींना रोज मेहकरहून आणणारा शाकिर तिथे रिक्षा लावून उभा होता. सर मागच्या सीटवर जाऊन बसले. तिथून पाण्याचा थेंब दिसत नव्हता.

शिट्टी झाली. नाजिशची हाक ऐकू येऊ लागली. आवाज बारीक, अर्ध्या वाटेतच घोगरा झाला. शाकिर बांधावर चढून पाहत होता, तो घाईघाईनं खाली आला.

"सर, पोरी ढिल्या पडून राह्यल्या! एक आवाज द्या ना तुम्ही, पेटून उठतीन!"

सरांच्या गळ्याच्या शिरा टरारून फुगल्या. दोन्ही हातांनी त्यांनी सीटचा दांडा आवळून धरला.

"चूप बे," ते दबक्या आवाजात खेकसले. "तिले बोलू दे."