मेस्त्रीची जीभ

एलिहिओ मेस्त्रीने ढिगातली चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. नव्या इमारतीत घर घ्यायला निघालेली अकरा कुटुंबं त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. बारावं गिऱ्हाईक म्हणजे त्याची स्वतःची थोरली लेक, नेरेइदा.

"मेस्त्री, जरा लवकर चाखा," फाउस्तो न्हावी म्हणाला. "या उन्हात आमचंच सुकट होईल."

मेस्त्रीने लक्ष दिलं नाही. सकाळपासून त्याने ती तीन मजली इमारत पायाखाली घातली होती. खांब तळापासून गच्चीपर्यंत एका रेषेत आहेत का, ते पाहिलं. हातोडीच्या दांड्याने एकेक तुळई ठोकून आवाज ऐकला. गच्चीवर बादल्या ओतून पाणी कुठे तुंबतं ते पाहिलं, जिन्याच्या भिंतींना नाक लावून ओलीचा वास घेतला. बुटक्या इमारतीलाच जास्त तपासावं, असं तो नेहमी सांगे. उंच इमारत लोक घाबरून तरी नीट बांधतात, तीन मजल्यांना कोण विचारतो?

पण खरा प्रश्न मिठाचा होता. त्या गावात वाळू फुकट मिळे ती समुद्राची. ती सिमेंटमध्ये गेली की आतलं लोखंड गुपचूप गंजत राहतं. दहा-बारा वर्षं बाहेर काही दिसत नाही, मग एके दिवशी छत खाली येतं, आणि तोवर बांधणारा मायामीला पोचलेला असतो. राजधानीतून तपासणीचा कागद येई, पण तो विकत मिळतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मेस्त्रीची जीभ विकत मिळत नव्हती. चाळीस वर्षं किनाऱ्यावरची एकही इमारत त्याने वाळू चाखल्याशिवाय कुणी घेतली नव्हती, आणि त्याने पास केलेली एकही आजवर पडली नव्हती.

नेरेइदा एकोणीस वर्षं न्यूयॉर्कला परक्यांची घरं पुसून परत आली होती. चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा कागदपत्रं नव्हती म्हणून तिला येताच आलं नाही. ते दुःख तिच्या उरात अजून ओलं होतं. आता निदान बापाला तरी शेवटपर्यंत सांभाळायचं, त्याला जिने चढायला लागू नयेत म्हणून तळमजल्याचं घर घ्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. म्हातारा फार वाळला होता. बायको ओलिंपिया गेल्यापासून त्याचं जेवणावरचं मनच उडालंय, असं धाकटी मिरेया फोनवर सांगायची.

मेस्त्रीने डोळे उघडले. मग एका खांबाचा बुंधा खरवडून ती भुकटीही चाखली, आणि थुंकला.

"नदीची वाळू आहे," तो म्हणाला. "घ्या."

फाउस्तोने त्याला मिठीच मारली. बिल्डरच्या माणसाने सावलीत टेबल मांडलं आणि सह्यांसाठी रांग लागली. नेरेइदा म्हणाली, आधी जेवून येऊ, मग निवांत सही करू.

जेवण मिरेयाच्या घरी होतं, मागच्याच गल्लीत, पहिल्या मजल्यावर. तीही इमारत दोन वर्षांपूर्वी मेस्त्रीनेच पास केलेली. ईस्टरआधीच्या उपासांतला शुक्रवार, मांस वर्ज्य, म्हणून नेरेइदाने पहाटे उठून खारवलेल्या बाकालाव माशाचा भात केला होता, अगदी आई करायची तसा. दुपारपर्यंत उपास धरल्यामुळे तिने तो चाखला मात्र नव्हता. बापाचं ताट तिने आधी वाढलं. तो जेवू लागला.

दोघी बहिणी मागून बसल्या. मिरेयाने पहिला घास घेतला आणि तोंडावर हात धरून मोरीकडे धावली. चूळ भरून आली ती बडबडतच. मासा रात्रभर भिजवून दोनदा पाणी बदलायचं असतं, हेही ही न्यूयॉर्कची बाई विसरली, म्हणाली. नेरेइदा ओशाळली. तिकडे मासा मीठ काढलेलाच मिळायचा, तिच्या खरंच ध्यानात राहिलं नव्हतं. तिने दोन शितं तोंडात घातली तर डोळ्यांतून पाणी आलं. बापाला तरी थांबवावं म्हणून ती वळली.

त्याचं ताट रिकामं होतं. तो बोटाने कड पुसून खात होता.

"पापा, खारट नाही लागला?"

"छान झालाय गं," मेस्त्री म्हणाला.

मिरेयाला हसू फुटलं. लेकीच्या हातचं विषसुद्धा खातील हे, असं काहीतरी ती म्हणाली. नेरेइदा हसली नाही. तिने मिठाचं भांडं बापापुढे सरकवलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, चिमूटभर मीठ उचलून जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. बराच वेळ त्याने ते उघडलेच नाहीत.

मिरेयाचं हसू थांबलं. तिने छताकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे. तिथे तिची दोन लेकरं झोपली होती. खाली रस्त्यावर फाउस्तो सही करून चालला होता आणि भेटेल त्याला मोठ्याने सांगत होता, की मेस्त्रीने स्वतः चाखून सांगितलंय.

नेरेइदाने बापाचा हात धरला.

"कधीपासून, पापा?"

"तुझी आई गेल्यापासून," मेस्त्री म्हणाला. "मला वाटलं, माणूस गेलं की सगळ्यांचंच असं होतं."