तपासणी वगळून

कुठल्या रकान्यात आकडा आणि कुठल्यात अक्षरं हे आधी ठरवावं, मगच प्रोग्रॅम चालवावा, यातच माणसाचं कल्याण आहे, असं सबनीस वर्षानुवर्षं सांगत आले होते. आज मात्र शेजारी ढवळीकर साहेब खुर्ची टाकून बसले होते आणि सबनीसांची बढती एका कमांडवर अडली होती.

निवृत्त झालेल्यांना शोधून त्यांचं लॉगिन बंद करणारा प्रोग्रॅम होता. एंटर दाबलं की लाल ओळ यायची: जन्मसाल रिकामं असू शकतं.

"रिकामं कसं असेल?" सबनीस पुटपुटले. "या ऑफिसात जन्माला न येता कोण लागलंय?"

"अहो, चालवायचाय की त्याच्याशी वाद घालायचाय?" साहेब केसांच्या ताज्या काळ्या रंगावरून हात फिरवत म्हणाले.

सबनीसांनी चिडून कमांडमध्ये 'तपासणी वगळा' जोडलं. प्रोग्रॅम क्षणात धावला. एकच निवृत्त सापडला.

वय कळू नये म्हणून साहेबांनी जन्मसाल कधी भरलंच नव्हतं. रिकाम्या जागी शून्य धरून प्रोग्रॅमने त्यांचं वय दोन हजार वर्षांच्या पुढे नेलं होतं.

सबनीसांच्या बढतीवर सही साहेबांनीच करायची होती, आणि नोंदीनुसार साहेब आता सेवेत नव्हते.