वळणावरचा आवाज

उस्मानभाईंनी काउंटरवर ब्रेक पॅडची दोन खोकी ठेवली. "हे परवा लावले तसले, बिनआवाजी. आणि हे तुमचे आधीचे. ट्रॅकवर एक नंबर, पण गावात किंचाळतात. बोला, कुठले टाकू?"

श्रीरंग महिन्यातून एका रविवारी आपली स्पोर्ट्स कार ट्रॅकवर पळवायचा. संध्याकाळी परतताना गल्लीच्या वळणावर ते पॅड असे किंचाळायचे, की अख्ख्या सोसायटीने सह्या करून तक्रार दिली. म्हणून परवा त्याने चाचणीपुरते बिनआवाजी पॅड लावून पाहिले. ट्रॅकवर गाडी छान थांबली आणि गल्लीत मांजरीच्या पावलांनी शिरली.

घरात आला, तर टेबलावर ताट तसंच झाकलेलं. डोळ्यांनी अधू झालेले त्याचे वडील, नाना, गॅलरीत रस्त्याकडे कान लावून बसलेले. गाडी घेतल्यापासून दोन वर्षं त्यांनी तिच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्याने खांद्यावर हात ठेवताच त्यांनी तो चाचपला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"आलास होय? आज वळणावर गाडी ओरडली नाही. मला वाटलं..."

ते उठून ताटावर बसले.

श्रीरंगने आधीच्या पॅडचं खोकं पुढे ओढलं.

"अहो, सोसायटीची तक्रार आहे ना?" उस्मानभाई हसले.

"असू दे, चार शिव्या खाईन," तो म्हणाला. "त्या आवाजावर आमच्याकडे एक माणूस जेवायला बसतो."