चारशे सतराचं चाक

चार वाजून दहा मिनिटांनी कॉरीननं सरकारी संकेतस्थळाचं ते पान पुन्हा उघडलं. दुपारपासूनची ही कितवी खेप, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. हरकती शून्य. अजून पन्नास मिनिटं.

सगळा घोळ एका दातेरी चाकाचा होता, मुठीत मावेल एवढ्याशा. व्हीलचेअर चढवायला बसच्या दारातून जी फळी बाहेर येते, ती या चाकावर चालते. एरी सरोवराकाठच्या या शहरातल्या तेवीस बसगाड्यांची चाकं झिजली होती, आणि ती बनवणारी कंपनी जर्मनीत. बसला पैसा वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचा, म्हणजे सुटा भागही अमेरिकेतच बनलेला हवा. इथे तो कुणीच बनवत नाही असं सिद्ध केलं, तरच नियमातून सूट.

ते सिद्ध करण्यात खरेदी विभागातल्या कॉरीनचं वर्ष गेलं होतं. एकतीस कारखान्यांना पत्रं, एकतीस नकार. ऐंशी चाकांसाठी कोण कशाला मशीन अडकवून ठेवेल? अखेर तिनं शपथपत्रावर सही केली की हा भाग बनवणारं देशात कुणी नाही. आता आज पाचपर्यंत कुणी ‘आम्ही बनवतो’ म्हणून पुढे आलं नाही, की सूट मंजूर.

फोन वाजला. ओडेट फोंटेन. वाचनालयात नोकरी, व्हीलचेअर, चौदा नंबरचा मार्ग.

“माझी चारशे सतरा नंबरची बस कधी येणार?” तिनं विचारलं. “तिची फळी कधी अडली नाही बघ. बाकीच्या नुसत्या कण्हतात.”

कॉरीननं तिला पुन्हा एकदा सांगितलं. अकरा वर्षं धावूनही चारशे सतराचं चाक नव्यासारखं होतं, म्हणूनच ते नमुना म्हणून काढलं. त्यावरचा नंबर पार पुसला गेला होता, तेव्हा नेमका भाग ओळखून दर कळवा म्हणून ते जर्मनीला धाडलं. तोवर गाडी उभी.

“म्हणजे गाडी आगारात उभी आणि मी थांब्यावर बसलेली,” ओडेट म्हणाली. “बर्फ पडायच्या आत काय ते कर, बाई.”

कॉरीनला मनातून लाज वाटली. तिनं ‘हो’ म्हटलं आणि फोन ठेवला.

तेवढ्यात दारात एमिल टकाच उभा राहिला. हातात अक्रोडाचं सारण भरलेल्या गोड रोलची थाळी. बायकोला अंथरुणावरून उठवत नव्हतं, त्यामुळे रोल या वेळी त्यानं स्वतःच केला होता. तळघरातल्या वर्कशॉपमध्ये एक्केचाळीस वर्षं काढलेला हा कारागीर आज निवृत्त होत होता. त्याच्याबरोबर वर्कशॉपही बंद. खाली अंगणात भंगारवाल्याचा ट्रक लागला होता आणि त्याचं लोखंड कापायचं जुनं मिलिंग मशीन साखळ्यांनी वर ओढलं जात होतं. त्या आवाजानं कॉरीनचं डोकं आणखीच उठलं.

“ते चाक आलं का परत?” एमिलनं विचारलं. गेले चार महिने तो हेच विचारत होता.

“एमिल, तुम्ही त्या चाकाच्या पाठीच का लागलाय?”

“चांगलं चाक आहे. वाया जायला नको.”

तिनं रोलचा तुकडा तोडला. उत्तम झाला होता. मग मनात डाचत होतं ते तिनं विचारून टाकलं. “तुमचा हात लोखंडावर बसलेला. खरं सांगा, या देशात हे कुणी बनवू शकेल?”

एमिल खिडकीतून खाली बघत राहिला. “तू ज्यांना पत्रं पाठवलीस, त्यांतलं कुणी नाही.”

तिला हायसं वाटलं. पण तो जाईना.

“पाचच्या आत कुणी लिहिलं तर?”

“तर सगळं मुसळ केरात. पुन्हा चौकशी, पुन्हा वर्षभर शोध. ओडेट यंदाचा हिवाळाही थांब्यावर काढणार.”

“आणि लिहिणारा आपल्यातलाच असला तर?”

“म्हणजे लॉनीसारखा?” ती हसली. लॉनी मेकॅनिकनं तीन वर्षांपूर्वी घरी बनवलेली बिजागरी परवानगीशिवाय एका बसला बसवली होती. नोकरीही गेली आणि म्हातारपणीचा दवाखान्याचा विमाही. “असं लिहायला वेडच लागायला हवं.”

“माझी हजेरी पाचपर्यंत आहे, तोवर मी नोकरीतच,” एमिल म्हणाला. मग स्वतःशीच मान हलवली. “राहू दे. ओडेटला बस मिळू दे.”

थाळी टेबलावर ठेवून तो गेला.

चार पन्नासला पानावर एक हरकत उमटली आणि कॉरीननं ती घाईघाईनं उघडली. नेब्रास्कातल्या कुणा गृहस्थानं परदेशी मालाला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. चाकाचं नावही नव्हतं. तिनं घाम पुसला.

पाच वाजले. पान बंद झालं. शेजारच्या खोलीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खाली ट्रक फाटकाबाहेर पडला, आणि त्याच्या मागोमाग हत्यारांची पेटी घेऊन एमिलही.

कॉरीननं उरलेला रोल तोंडात टाकला आणि सकाळपासून पडून असलेलं जर्मनीचं पार्सल फोडलं. दरपत्रकच असणार. आत चाक होतं आणि एक पत्र.

‘आपण पाठवलेलं चाक आमचं नाही. आमचं चाक चार वर्षं टिकतं, आणि यावर अकरा वर्षांचीही झीज दिसत नाही. ते हातानं कापलेलं आहे. ज्या कारागिरानं ते बनवलं त्याचा पत्ता कृपया कळवावा. यापुढे आम्हालाच अशी चाकं त्याच्याकडून विकत घ्यायची आहेत.’