क्लच वायरची माळ

गॅरेजवाल्यांनी फेकून दिलेल्या क्लच वायरींत पिवळे मणी ओवून शालन माळा करायची. त्यातलीच एक घालून ती बाजाराला निघाली होती. मागून मोटारसायकलवर आलेल्या चोराने सोन्याची समजून ती हिसकली.

वायर तुटली नाही. शालन रस्त्यावर फरफटली, गाडी घसरली आणि चोर तिच्याशेजारीच आपटला. मानेवरून रक्त ओघळत होतं, तरी तिने चप्पल काढून त्याला हाणायला सुरुवात केली. धावून आलेली माणसं लाथा घालू लागली.

“आई गं, मेलो!” चोर कळवळला.

शालनचा हात थांबला. “सोडा आता, मरेल तो!”

“मावशी, तुम्ही बाजूला व्हा,” म्हणत एकाने दगड उचलला.

शालन चोराच्या अंगावर पालथी पडली. दगड तिच्या पाठीत बसला.