अकरा ऑफर

मिस्टर पिकेट टोपी मांडीवर ठेवून बसले होते. समोरच्या बशीतल्या केकला त्यांनी हातही लावला नव्हता. हा माणूस चांगली बातमी घेऊन आलेला नाही, हे ओडेसा गेन्सला तेव्हाच कळलं.

बावीस वर्षं हे गृहस्थ अलाबामातल्या शाळकरी फुटबॉलपटूंची यादी करत होते. ज्या मुलाला जास्त कॉलेजांनी शिष्यवृत्ती देऊ केली, तो वर. इतकं साधं काम. दर मंगळवारी यादी निघायची आणि न्हाव्याच्या दुकानापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत लोक तिच्यावरून वाद घालायचे. ओडेसाचा मुलगा टेरिक त्या यादीत चौथा होता. अकरा ऑफर. सप्टेंबरात तिसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा निकामी झाला. आता जानेवारी लागला, तरी यादीत तो चौथाच होता.

"फोनवर विचारता आलं असतं," पिकेट म्हणाले, "पण ते मला बरं वाटेना. मिस ओडेसा, अकरापैकी किती उरल्यात?"

"अकरा."

"शेवटचा फोन कधी आला?"

ओडेसानं त्यांच्या पेल्यात चहा ओतला. पेला भरलेलाच होता, तो काठोकाठ झाला.

"नाही कुणी म्हणालेलं नाही," ती म्हणाली. "एकानंसुद्धा नाही."

"नाही कुणीच म्हणत नसतं हो. फोन उचलायचं बंद करतात."

जुलैत एका मोठ्या कॉलेजनं तिला वसतिगृहातली खोली दाखवायला नेलं होतं. तिथे खेळाडूंचे पलंग मुद्दाम लांब करून घेतलेले. टेरिक चौदाव्या वर्षापासून पाय पलंगाबाहेर काढून झोपत आला होता. बाकीचे आईबाप मैदान बघायला पुढे गेले आणि ती एकटीच त्या गादीवर हात फिरवत मागे राहिली. शाळेच्या स्वयंपाकघरात परातीच्या पराती घासताना अजूनही तिला ती गादी हाताखाली लागायची.

"उन्हाळ्यापर्यंत पळायला लागेल, असं डॉक्टर म्हणालेत," ती म्हणाली.

"पळेलच. पण कॉलेजांच्या करारांवर सह्या करायचा दिवस तीन आठवड्यांवर आलाय. मोठी कॉलेजं थांबणार नाहीत."

"म्हणून तुम्ही त्याला खाली ढकलायला आलात."

"नाव काढायला आलोय," पिकेट म्हणाले. "ऐकून तर घ्या. आर्कान्सात, टेनेसीत बारकी बारकी कॉलेजं आहेत. असा पोरगा हाती लागला तर गुडघा बरा होईपर्यंत ती सांभाळतील त्याला. पण ते लोक माझी यादी बघतात. अकरा ऑफर दिसल्या की म्हणतात, हा कशाला येतोय आपल्याकडे. फोनच लावत नाहीत. तुमच्या शाळेच्या कोचनं दोघांना सांगून पाहिलं, तर त्यांना वाटलं चेष्टा करतोय."

"मग काढा की. मला कशाला विचारता?"

"घरच्यांनी सांगितलेला आकडाच मी लिहितो. बावीस वर्षं तसंच केलंय."

"म्हणजे शून्य माझ्या तोंडून यायला हवं."

पिकेटांनी मान डोलावली.

टेरिक आतल्या दारात येऊन उभा होता. चौकटीला डोकं लागू नये म्हणून मान किंचित वाकवलेली, एका काखेत कुबडी.

"मॉमा," तो म्हणाला, "नोव्हेंबरात मी सगळ्यांना मेसेज केले होते. अकराच्या अकरा जणांनी वाचले. वाचल्याची खूण आली मला."

"मग?"

"मग काही नाही."

"मला का नाही बोललास?"

"तू दर रविवारी चर्चमध्ये बायकांना अकरा सांगायचीस." तो कुबडीच्या दांड्यावर नख घासत राहिला. "तेव्हा फार छान दिसायचीस तू."

ओडेसा उठली. खिडकीपाशी जाऊन तिनं पडदा सरकवला, मग पुन्हा होता तसा केला. बाहेर पिकेटांच्या गाडीखेरीज रस्त्यावर काहीच नव्हतं. दोन महिने हा मुलगा एकटा हे पोटात ठेवून शेजारच्या खोलीत झोपत होता, आणि ती भिंतीपलीकडे पडून त्याच्या वसतिगृहातल्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घ्यावेत, हे ठरवत होती.

"शून्य," ती म्हणाली. "लिहा."

पिकेटांनी खिशातून वही काढली आणि तिच्याकडे न बघता लिहिलं.

मंगळवारी यादी निघाली. चौथ्या जागी मोबील शहरातला कुणी मुलगा होता. रविवारी चर्चच्या बायका ओडेसाचा हात हातात घेऊन हळू आवाजात बोलल्या, घरात कुणी गेल्यावर बोलतात तसं. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

त्यानंतरच्या गुरुवारी ऐन जेवणाच्या सुट्टीत तिच्या एप्रनमधला फोन वाजला. नंबर आर्कान्साचा होता. समोर मुलांची रांग लागलेली. तिनं डाव परातीत ठेवला आणि हात पुसून फोन कानाला लावला.

"टेरिक गेन्सची आई का?" पलीकडचा माणूस बिचकत बोलत होता. "आमच्या कॉलेजचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, बाई. आम्ही अगदीच लहान आहोत. यादीत मुलाचं नाव दिसलं नाही म्हणून फोन केला. कुणी घेतलं का त्याला?"

रांगेतल्या मुलांची कुजबुज थांबली. ताटं पुढे धरून ती तिच्याकडे बघत राहिली.

"नाही," ओडेसा म्हणाली. "अजून घरीच आहे."